दिवसा लावलेलं दार

ऑफिसातून माणूस गेला की त्याच्यामागे काय काय जातं, याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी त्याची खुर्ची जाते, कारण बऱ्या खुर्चीवर कुणाचा ना कुणाचा डोळा असतोच. मग ड्रॉवरमधली बिस्किटं जातात. मग जेवताना त्याचं नाव निघेनासं होतं. आणि सगळ्यात शेवटी सर्व्हरवरचं त्याचं घर बंद होतं. हे घर बंद करायचं काम दीप्ती घाडीगावकरकडे होतं.

घर हा त्यांच्या धंद्यातलाच शब्द. सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर असतो, त्याला होम म्हणतात. आपल्या घरात कुणाला येऊ द्यायचं, कुणाला नुसतं डोकावू द्यायचं, हे मालकाने ठरवायचं, आणि त्यालाच म्हणायचं परमिशन. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं संपवायचं आणि त्या घराचं दार सगळ्यांना बंद करायचं, असा ऑफिसचा नियम होता. दीप्तीच्या टीममध्ये याला 'दार लावणं' म्हणत. कितीतरी जणांची दारं तिने चहा पिता पिता लावली होती.

विन्सेंट डिमेलोंचं दार लावताना मात्र तिचा चहा गार झाला.

विन्सेंट सर तिचे गुरू. अंधेरी पूर्वेच्या त्या काचेच्या इमारतीत ती नवी आली, तेव्हा सर्व्हर म्हणजे काय हे तिला पुस्तकातून माहीत होतं, म्हणजे माहीत नव्हतं. कंपनीचं काम लहान लहान पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर सांभाळायचं. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, जिथे तिथे रक्त तपासायची जुनी मशीनं. मशीनने आकडे द्यायचे, कंपनीच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामने ते वाचून रिपोर्ट बनवायचा. त्या मशीनांची भाषा प्रोग्रामला समजावून सांगणारी लायब्ररी विन्सेंट सरांनी स्वतः लिहिली होती, कारण मशीनं बनवणाऱ्या कंपन्यांना कधीच टाळं लागलं होतं.

लायब्ररी म्हणजे काय, हेही तिला त्यांनीच सांगितलं होतं, आपल्या कोंडिविटा गावच्या भाषेत. "मे महिन्यात आमची सेराफिना बॉटल मसाला करते, माहितीये ना? प्रत्येकीने मिरच्या वाळवत बसायचं नसतं. एका घरी कुटतात, बाकीच्या बाटली घेऊन जातात. प्रोग्राम म्हणजे जेवण करणारी बाई, आणि लायब्ररी म्हणजे आमच्या घरातला मसाला." आणि मग हसून म्हणाले होते, "फक्त चूल पेटवताना बाटली हाताशी पाहिजे. एकदा मसाला टोपात पडला, की मग बाटली फुटली तरी जेवण होतं."

तो मसाला ठेवायला एक अधिकृत जागा होती. पण तिथे काही ठेवायचं तर सिक्युरिटीवाल्यांची मंजुरी लागायची, आणि त्यांची बैठक काही होईना. तेव्हा विन्सेंट सरांनी ती लायब्ररी तात्पुरती आपल्या घरात ठेवली, घराचं दार सगळ्यांना उघडं केलं आणि अधिकृत जागेवरून आपल्या घराकडे एक आडवाट काढून दिली. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींना मरण नसतं. तपासणीवाले दरवर्षी यायचे आणि डिमेलोंचं दार उघडं का, म्हणून ओरडायचे. सर म्हणायचे, "आमच्या गावात दिवसा दार लावलं ना, की शेजारी विचारायला येतात, काय झालं, कोण आजारी आहे." तपासणीवाले हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा ओरडायचे. आडवाटेची गोष्ट मात्र दीप्तीने, तेव्हा ती नवी होती, एका कानाने ऐकली आणि विसरली.

मग पावसाळ्यात सरांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एका सकाळी गेली. डोकं शाबूत होतं, सगळं कळत होतं, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. ऑफिसने सुट्टी दिली, सुट्टी वाढवली, मग वाढवायची थांबवली. एचआरचे साहेब फळांची करंडी घेऊन कोंडिविट्याला गेले. सर आत झोपले होते. सेराफिना आंटींनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नोकरी संपल्याचे कागद ठेवून सह्या केल्या, आणि ही गोष्ट नवऱ्याला कधी सांगितली नाही.

सांगितलं ते दीप्तीला, फोनवर, रडत. "तो रोज सकाळी दाढी करून घेतो गो. शर्ट घालतो, ऑफिसचं कार्ड गळ्यात घालतो आणि ओटीवर बसतो. डॉक्टर बोलले, हाताचा व्यायाम सोडला की हात गेला. नातवाचं रबरी बदक आहे, ते दाबायचं. दुखतं त्याला, डोळ्यांतून पाणी येतं. पण कामावर परत जायचंय ना, म्हणून दाबतो. त्याला कळलं की नोकरी गेली, तर बदक बाजूला ठेवील आणि भिंतीकडे तोंड करून झोपेल. मी ओळखते त्याला. तू कधी आलीस तर बोलू नको हां काही."

"नाही बोलणार आंटी," दीप्ती म्हणाली. आणि त्याच आठवड्यात तिने सरांचं खातं संपवलं, दार लावलं. नियम होता. तिने नाही लावलं तर दुसऱ्या कुणी लावलं असतं, असं तिने मनाला समजावलं, आणि मनाने नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकलं.

दार लावल्यावर काहीच झालं नाही. होणार कसं? चूल आधीच पेटलेली होती, मसाला टोपात पडलेला होता. लॅबचे रिपोर्ट निघत राहिले. दिवाळी आली, गेली. सगळे विसरले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सर्व्हरवर सुरक्षेचे नवे पॅच, म्हणजे प्रोग्रामांना लावायची ठिगळं, टाकले आणि तो बंद करून पुन्हा चालू केला. सर्व्हर उठला, प्रोग्राम काही उठेना. सोमवारी सकाळी दीप्ती ऑफिसात पोचली, तेव्हा तिचा साहेब सौरभ दोन्ही कानांना दोन फोन लावून उभा होता. मुलुंडच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देऊन बसलेली माणसं भांडत होती. घाटकोपरला एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टसाठी अडलं होतं.

"वाट लागलीये," सौरभ म्हणाला. "लायब्ररी सापडत नाही म्हणतोय. बघ ना यार."

दीप्तीने बघितलं. प्रोग्राम खरोखरच म्हणत होता की अशी फाइल कुठे नाहीच. तिने अधिकृत जागेचा फोल्डर उघडला, तर फाइल तिथे होती. धडधडीत होती, नावानिशी होती, तिच्यावरच्या परमिशनही ठीक होत्या. दीप्तीला दिसत होती आणि प्रोग्रामला दिसत नव्हती.

आता यात एक गोम होती. दीप्ती सर्व्हरवर शिरायची ती रूट म्हणून, म्हणजे सगळ्या घरांचा मालक म्हणून. मालकाला कुठलंच दार बंद नसतं. तो ढकलतो आणि आत जातो, दार होतं हेही त्याला कळत नाही. जगात इतरत्रही हे असंच चालतं. ज्याला सगळीकडे वाट मोकळी, त्याला दुसऱ्याची वाट कुठे अडली ते उमगत नाही. त्या फोल्डरपासून पुढे एक आडवाट जाते आणि ती भलत्याच घरात उघडते, हे तिला दिसलंच नाही.

काल पॅच टाकले आणि आज बिघडलं, म्हणजे दोष पॅचचा, असं सगळ्यांनी धरलं. पॅच काढले. पुन्हा टाकले. लायब्ररीची जुनी प्रत बॅकअपमधून आणून त्याच जागी बसवली, तीही त्याच आडवाटेने त्याच बंद घरात जाऊन पडली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. दुपार व्हायला आली आणि सौरभचा आवाज बसला.

"विन्सेंटला विचार ना," तो म्हणाला.

"ते बोलू शकत नाहीत, सौरभ."

"ऐकू तर येतं ना? दाखव त्याला स्क्रीन. मान हलवली तरी चालेल."

"आपण त्यांना काढलंय," दीप्ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने जायचं?"

सौरभ खुर्चीवर बसला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत असलेला होता, आणि मुंबईत हे दोन्ही लांबून सारखेच दिसतात. "मला ते तोंड नाही," तो म्हणाला. "तुला आहे. तू जा, प्लीज."

दीप्तीने आंटींना फोन केला. त्या म्हणाल्या, "ये. त्याला बरं वाटेल, ऑफिसला गरज लागली म्हणून. फक्त ते नको बोलूस."

कोंडिविटा तिथून रिक्षाने फार लांब नाही. हॉटेलं आणि काचेच्या इमारती एकदम संपतात आणि गल्लीच्या तोंडाशी झेंडूचा हार घातलेला क्रूस लागतो. त्याच्यामागे कौलारू घरं दाटीने उभी. डिमेलोंच्या घराचं खालचं अर्धं दार नुसतं लोटलेलं होतं, वरचं अर्धं सताड उघडं. आतून रबरी बदकाचा आवाज येत होता. चूं, मग बराच वेळ काही नाही, मग अर्धाच, दमलेला चूं.

"हा त्याचा उजवा हात," आंटी दारातच हळूच म्हणाल्या. "आवाज ऐकला की मना कळतं, बसलाय व्यायामाला." मग मोठ्याने, "विन्सेंट, कोन आयलीय बग."

सर ओटीवर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, गळ्यात ऑफिसचं निळं कार्ड. कार्ड परत मागायला कुणी आलं नव्हतं. दीप्तीला पाहून त्यांचा अर्धा चेहरा हसला, आणि उरलेल्या अर्ध्याला जमलं नाही म्हणून डोळे भरून आले. दीप्तीने त्यांच्या पायाशी बसून त्यांचा उजवा हात हातात घेतला. तो हात कोमट होता आणि दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

"सर, मी कामासाठी आलेय," ती म्हणाली. "अडलंय आमचं."

त्यांनी बदक मांडीवर ठेवलं आणि ताठ बसले. इतके ताठ, की दीप्तीला क्षणभर जुने विन्सेंट सर दिसले, चष्मा कपाळावर चढवून तिच्या मागे उभे राहणारे. आंटींनी स्टूल आणून दिलं. दीप्तीने लॅपटॉप ठेवला, फोनवरून इंटरनेट जोडलं आणि सगळं सांगितलं: पॅच, सर्व्हर रीस्टार्ट केला ते, लायब्ररी आहे आणि तरी नाही ते. आंटी चहा टाकायला आत गेल्या.

सरांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि स्क्रीनवर एका खुणेवर ठेवलं. रूट म्हणून आत शिरलं की ओळीच्या सुरुवातीला ती खूण येते. त्यांनी तिच्याकडे बघून तेच बोट नकारार्थी हलवलं.

दीप्तीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांचा पहिल्या दिवशीचा धडा होता हा. मालक होऊन बघू नकोस, नोकर होऊन बघ. ज्याला दिसत नाही म्हणतोय, त्याच्या पायांनी चालून जा. इतकी वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवत होती ती, आणि आज सकाळपासून मालक होऊन हिंडत होती.

तिने रूटपण सोडलं आणि प्रोग्राम ज्या साध्या खात्याने चालायचा ते खातं घेतलं. सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, चुकलं तर खोडत त्यांनी एक आज्ञा लिहिली. एखाद्या फाइलपर्यंत जाताना वाटेत किती दारं लागतात आणि प्रत्येक दार कुणाला उघडं आहे, हे एकाखाली एक दाखवणारी आज्ञा होती ती. लिहिताना त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. शेवटी 'एंटर' दाबलं तेव्हा त्यांनी दीप्तीकडे पाहून भुवई उडवली. मजेत होते ते. पावसाळ्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्यांना कामाचं काही विचारलं होतं.

स्क्रीनवर दारं उमटली. पहिलं उघडं. दुसरं उघडं. मग अधिकृत जागेतून फुटलेली आडवाट, आणि आडवाटेपुढचं घर.

दीप्तीने ती ओळ सरांच्या आधी वाचली. घराचं नाव विन्सेंट होतं, आणि त्याचं दार बंद होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण तिला हसू आलं नाही. ते दार तिने स्वतः लावलं होतं, आणि ते लावलेलं बघायला तिनेच त्यांना आणून बसवलं होतं.

"मिळालं सर," ती घाईने म्हणाली आणि लॅपटॉपला हात घातला. "समजलं मला. पॅचमुळे परमिशन बदलली असेल. मी ऑफिसात जाऊन करते नीट."

सरांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. घट्ट नाही, पण सोडवून घेता येईल असंही नाही. पॅच कुणाच्या घराचं दार लावत नाही, हे त्यांना माहीत होतं. तिला माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी मनगट सोडलं आणि आणखी एक ओळ लिहिली. ते आपल्याच नावाने आत शिरू बघत होते.

सर्व्हरने पासवर्ड विचारला. त्यांनी तो एकेका अक्षराने घातला. पासवर्ड स्क्रीनवर दिसत नसतो, त्यामुळे चुकलं तर कळतही नाही. देवा, चुकू दे, दीप्ती मनात म्हणाली. विसरलेले असू दे. घरातल्या सगळ्या देवांची नावं तिने घेतली. पण सर काही विसरले नव्हते. पासवर्ड बरोबर होता. सर्व्हरने तो मान्य केला आणि मग इंग्रजीत एक सभ्य वाक्य लिहिलं: तुमच्या खात्याची मुदत संपली आहे, कृपया आपल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा.

सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर त्यांच्या पायाशी बसली होती.

त्यांनी ते वाक्य वाचलं. मग गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे, जिथून चमच्याचा आवाज येत होता. दीप्तीला कळलं की ते सगळा हिशोब जुळवतायत: फळांची करंडी, येईनासे झालेले फोन, आणि रोज सकाळी शर्टाची बटणं लावताना बायकोचं खाली बघणं.

"मी लावलं सर," दीप्ती म्हणाली. "नियम होता म्हणून लावलं. मी आत्ता उघडते. पहिल्यासारखं सगळ्यांना उघडं करते, कोणाला विचारत नाही. तुमचं खातंही चालू करते."

त्यांनी मान हलवली. नाही. आणि हे नाही इतकं शांत होतं की तिने लॅपटॉपकडे नेलेला हात मागे घेतला.

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे ढकलला आणि त्या घरातल्या मसाल्यावर, म्हणजे आपल्या लायब्ररीवर बोट ठेवलं. मग तेच बोट वर नेऊन अधिकृत जागेवर ठेवलं. उचल आणि तिकडे ठेव. दीप्तीने रूट होऊन आडवाट मोडली, तिथे खरा फोल्डर केला आणि लायब्ररीची प्रत त्यात ठेवली. प्रतीच्या मालकाच्या जागी अजून विन्सेंट होतं. सरांनी त्या नावावर टिचकी मारली. हेही बदल. तिने बदललं. जे काम ते स्वतः करायला मंजुरी मागत राहिले, ते आता कुणाला न विचारता झालं होतं, आणि कंपनीला विन्सेंट डिमेलोंच्या घरातलं काहीही लागणार नव्हतं.

प्रोग्राम उठला. रांगेत अडकलेले रिपोर्ट सुटायला लागले. सौरभचा फोन आला, "झकास! चालू झालं. काय होतं ग?"

"दार बंद होतं," दीप्ती म्हणाली.

"कुठलं दार?"

"नंतर सांगते."

"आणि विन्सेंटला थँक्स सांग हां. म्हणावं, तुझ्याशिवाय आमचं काही खरं नाही."

फोनचा आवाज ओटीभर ऐकू येत होता. सरांच्या अर्ध्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते हसू नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो, असं आपण सहज बोलून जातो. पण वैद्य समोर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला असला की ती म्हण तोंडातून निघत नाही.

आतून कपबशा किणकिणल्या. सरांचा डावा हात पटकन कीबोर्डवर आला. त्यांनी एक छोटी आज्ञा लिहिली आणि स्क्रीन पुसून कोरी केली. बंद दाराची ओळ गेली, मुदत संपल्याचं वाक्य गेलं. मग त्यांनी दीप्तीकडे बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खूण केली. तिला नको सांगूस.

आंटी चहा घेऊन आल्या. स्क्रीनवर काही नव्हतं. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," दीप्ती म्हणाली. "सरांनीच केलं."

"मग? मी काय बोलत होते," आंटी म्हणाल्या आणि नवऱ्याच्या गळ्यातलं कार्ड सरळ केलं. रोजच्या सवयीने, रोजच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "विन्सेंट, कवा जाशील कामावर? नाताळ झाला की ना?"

दीप्तीने कपात डोळे घातले. मग सरांनी मान हलवली. हो. नाताळ झाला की.

आंटींनी त्यांना बशीतून चहा पाजला. एक थेंब शर्टावर पडला तो पदराने टिपला. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून एक बिअरची बाटली काढली, बूच घट्ट लावलेली, आत लालभडक मसाला. दर उन्हाळ्यात दीप्तीला एक बाटली मिळायची. "पुढल्या वर्षी कुटायला जमतं की नाही," त्या म्हणाल्या. "ही यंदाची शेवटची. तू ने." दीप्ती नको म्हणाली, पण कोंडिविट्यात नको म्हटलेलं कुणी ऐकत नाही.

निघताना ती सरांच्या पाया पडली. आधी कधी पडली नव्हती. त्यांना आवडायचं नाही. आज त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि राहू दिला. क्षमा होती की निरोप, हे तिला कळलं नाही, आणि विचारून उत्तर मिळणार नव्हतं.

आंटी तिला सोडायला क्रुसापर्यंत आल्या. घर मागे पडलं तशा त्या थांबल्या आणि तिचा दंड धरला. "खरं सांग हां. त्याला काही कळलं तर नाही ना?"

दीप्तीच्या एका हातात लॅपटॉपची बॅग होती, दुसऱ्या हातात बाटली. एका घरातल्या दोन माणसांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवायला तिच्या हवाली केली होती. बाईला सांगावं तर बाप्याचा शब्द मोडतो, आणि न सांगावं तर हे दोघं एका छपराखाली आपापलं दुःख दाबून बसणार, कायमचे.

"नाही आंटी," ती म्हणाली. "काही नाही कळलं."

"देव तुझं भलं करो." आंटींनी क्रुसाकडे बघून हात जोडले, मग छातीवर खूण केली. "त्या एका आशेवर तो हात हलवतो गो. ती गेली की सगळं गेलं."

तेवढ्यात घराकडून बदकाचा आवाज आला. चूं. लगेच दुसरा. मग तिसरा. भरलेला, मोठा, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येणारा, एका ठेक्यात.

आंटींचा चेहरा उजळला. "ऐकलंस? आज किती जोर आलाय बघ हाताला. तू येऊन गेलीस ना, म्हणून." आणि त्या लगबगीने घराकडे वळल्या.

दीप्ती तिथेच उभी राहिली. तो उजवा हात थोड्या वेळापूर्वी तिने आपल्या हातात धरला होता. त्या हातात एवढा जोर नव्हता. सर डाव्या हाताने दाबत होते.